एक डॉलर आणि माया

रॉस कोव्ह, केप ब्रेटन
६ फेब्रुवारी १९९५

लॉकी,

फोन लागत नाही म्हणून तू वैतागला असशील. तो मीच भिंतीतून उपटून ठेवलाय. वसुलीवाले सकाळी आठला सुरू होतात ते जेवणाच्या वेळेपर्यंत. एक बाई तर इतकी गोड बोलते की वाटावं, माझी लहानपणची मैत्रीणच. तेव्हा आता जे काय ते पत्राने.

बातमी अशी की दिवाळं जाहीर करून महिना झाला, आणि आज सरकारचं पत्र आलं. ९ मार्चला हॅलिफॅक्सला मुलाखतीला हजर व्हायचं. नोकरीची नव्हे रे. दिवाळं निघालेल्या माणसाला समोर बसवून शपथेवर प्रश्न विचारतात, ती मुलाखत. छप्पन्न वर्षांत मी एकदाच मुलाखत दिली, माशाच्या कारखान्यात, आणि तिथे फक्त विचारलं होतं की सुरी चालवता येते का. तो कारखानाही बंद पडला.

प्रश्नांचा कागद सोबत आलाय. दिवाळं का निघालं, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुझ्या ट्रकच्या कर्जाला मी जामीन राहिले, तू हप्ते थांबवलेस, बँक माझ्या दारात आली. तुला टोचून बोलायचं म्हणून लिहीत नाही. तेलाच्या कामाला मंदी आली, त्याला तू काय करणार?

पण अकरावा प्रश्न मी तीनदा वाचला. 'गेल्या पाच वर्षांत घर, जमीन, वाहन नातेवाइकाला दिलं किंवा विकलं आहे काय? कितीला?'

बाबांचं घर, लॉकी. ऑक्टोबर ब्याण्णवमध्ये तुझ्या सांगण्यावरून मी ते तुझ्या नावावर केलं, बँकेचा हात पोचू नये म्हणून. आपल्याकडे सगळे करतात तसंच केलं. कागदावर किंमत: 'एक डॉलर आणि नैसर्गिक प्रेम व माया'. सगळं निवळलं की परत माझ्या नावावर करायचं, असं आपलं ठरलं होतं. आता मी काय सांगू? खरं सांगितलं तर दिवाळ्याचा कारभार बघणारा ट्रस्टी घर विकून पैसे बँकेला देणार. मग मी राहू कुठे, टपालपेटीत?

आणि ते दुसरं. नोव्हेंबरात दोन माणसं येऊन जमीन मोजून गेली, चारी कोपऱ्यांवर नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. मी त्यांना चहासुद्धा दिला. तुला विचारलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. बर्फातून अजून फिती फडफडतायत.

लवकर लिही.
एफी


रेड डिअर, आल्बर्टा
१९ फेब्रुवारी

एफी, माझे आई,

किती घाबरतेस गं! सरकारी लोक आहेत, कच्चं खात नाहीत. इथे माझ्या ओळखीच्या तिघांनी दिवाळं काढलं, तिघेही आता नवीन गाड्यांतून फिरतायत.

अकराव्या प्रश्नाचं सोपं आहे. घर भावाला वीस हजारांना विकलं, पैसे रोख मिळाले, असं सांग. घरातल्या घरातला व्यवहार, पावती कोण करतं? त्यांना काय, रकाना भरला की झालं. कागदावर एक डॉलर लिहिलाय तो रिवाज म्हणून, असं म्हण. ते खोटंही नाही. सगळं केप ब्रेटन एक डॉलरला विकलं गेलंय.

खुंट्यांचं विसरलोच. विम्याच्या कंपनीला मोजमाप लागतं, म्हणून माणसं पाठवली होती. उपटू नकोस त्या.

मुख्य म्हणजे माझं नाव फार घेऊ नकोस. ट्रकचं विचारलं तर 'कुटुंबाची अडचण' म्हण. इथे मला नवीन काम लागायच्या बेतात आहे, आणि हे लोक नावं खोदत बसतात. डार्लीनचंही डोकं ठिकाणावर नाही सध्या, ती तिच्या बहिणीकडे जाऊन राहिली आहे. त्यात हे नको.

घर तुझंच आहे, मरेपर्यंत. बसभाड्याला वीस डॉलर सोबत ठेवलेत. निळा कोट घालून जा, त्यात तू कर्जबाजारी दिसत नाहीस.

तुझा,
लॉकी


रॉस कोव्ह
२६ फेब्रुवारी

लॉकी,

पाकिटात वीस डॉलर नव्हते. पाकीट झटकून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, शेवटी फाडून पाहिलं. घाईत ठेवायचे राहिले असतील. असू दे. भाड्याची सोय शेजारच्या सॅडी बीटनने केली, आणि तासभर उपदेश केला. तिच्या मते तू लहानपणापासूनच हातावर तुरी देणारा आहेस. मी तिला म्हटलं, तुझे पैसे घेतेय, मत मागितलेलं नाही.

आता कामाचं. तू मला शपथेवर खोटं बोलायला सांगतोयस. एकवीस वर्षं मी चर्चमधल्या पोरांकडून रविवारी दहा आज्ञा पाठ करून घेतल्या. नववी, 'खोटी साक्ष देऊ नकोस', ती तुला आठवत नसेल. सगळ्यांत जास्त छड्या तूच खाल्ल्यास.

तीन रात्री विचार केला. मला तो वकिलाच्या ऑफिसातला दिवस आठवत राहतो. वकील म्हणाला, डॉलर प्रत्यक्ष द्यावा लागतो, त्याशिवाय व्यवहार पक्का होत नाही. तू खिशातून ते पक्ष्याचं चित्र असलेलं डॉलरचं नाणं काढलंस आणि टेबलावर टिचकी मारून माझ्याकडे घरंगळवलंस. आपण हसलो. मग रस्त्यापलीकडे चहा प्यायला गेलो. तू खिसे चाचपलेस आणि म्हणालास, 'एफी, तो डॉलर दे पाहू, सुट्टे नाहीत.' मी दिला. म्हणजे घर विकून मला मिळाला अर्ध्या डॉलरचा चहा, आणि तुला मिळालं घर आणि चहा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही, कारण आपल्यात हिशेब नव्हताच कधी.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी पंधराची. बाबा बोटीवर असायचे. तुझी आंघोळ, तुझा खोकला, तुझी शाळा. अँटिगोनिशला नर्सच्या शिक्षणाला जागा मिळाली होती, ते पत्र मी चुलीत घातलं. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. आत्ता का सांगतेय, कुणास ठाऊक.

तर मी खोटं बोलेन. तुझ्यासाठी आणि घरासाठी. पण एक गोष्ट हवी. तुझ्या हातची एक ओळ, की घर आहे तसं आहे, त्याला कुणाचा हात लागलेला नाही. तेवढी ओळ पर्समध्ये असली की मी देवासमोरही खोटं बोलेन, मग हॅलिफॅक्सचा तो अधिकारी काय चीज आहे.

९ तारखेच्या आत पाठव.
एफी


(डायनासोरचं चित्र असलेलं पोस्टकार्ड)

रेड डिअर, ३ मार्च

एफी, घर आहे तसंच आहे. कुणाचा हात लागलेला नाही. शांत झोप. लॉकी


रॉस कोव्ह
११ मार्च

लॉकी,

काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे माझ्या हातून काही सुटणार नाही आणि तुलाही काही विसरायला मिळणार नाही.

सहा तास बस. निळा कोट. मांडीवर ओटच्या बिस्किटांचा डबा, कारण कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, असं आपल्या घरचं वळण. अधिकारी बाई चाळिशीची, मिसेस कोमो. केस घट्ट बांधलेले, टेबल इतकं स्वच्छ की त्यावर मासा कापावा. मी डबा पुढे केला. ती डब्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, 'मिस मॅकॅस्किल, मला हे घेता येत नाही. तुमची सध्या चौकशी चालू आहे.' मी म्हटलं, 'अहो, बिस्किटं आहेत.' ती म्हणाली, 'दिसतंय. वासही येतोय. म्हणूनच म्हणते, झाकण लावा.' वाईट नव्हती बाई.

मग बायबलवर हात ठेवून शपथ.  

पहिले दहा प्रश्न नीट गेले. दिवाळं का निघालं, तर कुटुंबाची अडचण. तिने वर पाहिलं, लिहून घेतलं. मग अकरावा. मी घोकलेलं बोलले. घर भावाला विकलं, वीस हजार, रोख.

'त्या पैशांचं काय केलंत?'

बघ, हा प्रश्न तू मला शिकवलाच नव्हतास. मी म्हटलं, 'छपरावर खर्च झाले.' ती म्हणाली, 'सगळे?' मी म्हटलं, 'मोठं छप्पर आहे.' तिने फाइल उघडून एक फोटो माझ्यासमोर ठेवला. आपलंच घर. छपरावर ताडपत्री, ताडपत्रीवर बाबांच्या जाळ्याचे दगड. लॉकी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'हा फोटो कुणी काढला?' मी विचारलं. तिने उलट मलाच विचारलं, 'घर आज कुणाच्या मालकीचं आहे?'

'माझ्या भावाच्या.'

'खात्री आहे?'

आणि मी मूर्ख, मला राग आला. माझ्या लॉकीवर शंका घेते काय! मी पर्स उघडली आणि तुझं पोस्टकार्ड तिच्यासमोर आपटलं. म्हटलं, 'हे वाचा. आठवड्यापूर्वीचं आहे. त्याच्या हातचं. घर आहे तसंच आहे.'

तिने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. डायनासोरही बघितला. मग फाइलमधून एक कागद काढून कार्डाशेजारी ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'सावकाश वाचा. घाई नाही.'

१४ जून १९९४. लॉकलन मॅकॅस्किल यांनी रॉस कोव्ह येथील घर आणि अकरा एकर जमीन हॅम्बर्गच्या श्री. फोग्ट यांना एकतीस हजारांना विकली. खाली तुझी सही. तो पायमोड्या 'एल', जो मी तुला स्वयंपाकघराच्या टेबलाशी गिरवून घेतला होता. आणि त्याखाली एक ओळ. ती मला पाठच झालीय: 'घरात सध्या एक वृद्ध भाडेकरू राहते. ती ३१ मे १९९५ पर्यंत जागा रिकामी करेल.'

वृद्ध भाडेकरू. मी, लॉकी. जिने तुला मांडीवर घेऊन भरवलं.

नऊ महिने मी विकलेल्या घरात राहिले. त्यात नाताळ केला, तुला मोजे विणून पाठवले. ज्यांना मी चहा दिला, ते त्या जर्मनाचे मोजणीदार होते. आणि माझ्याकडून जे खोटं वदवून घेतलंस, ते घर वाचवायला नव्हतंच. घर कधीच गेलं होतं. तू वीस हजार दिलेस असं मी शपथेवर म्हटलं, ते तसंच टिकलं असतं तर तू सुटला असतास आणि मी खोट्या साक्षीत अडकले असते. केसाने गळा कापलास रे. आणि कापताना मलाच मान पुढे करायला लावलीस.

मी रडले नाही. मिसेस कोमोने पाण्याचा पेला सरकवला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, 'अकराव्या प्रश्नावर तुमचा थोडा गोंधळ झालेला दिसतो. मी तो पुन्हा विचारते. तुम्ही पुन्हा उत्तर द्या. आणि या वेळी माझ्याकडे बघून.'

मी बघितलं आणि सगळं सांगितलं. ट्रक कुणाचा, जामीन कोण, घर का दिलं, कुणाच्या सांगण्यावरून. तिने विचारलं, 'मोबदला काय मिळाला?' मी म्हटलं, 'एक डॉलर आणि माया, असं कागदावर आहे.' ती म्हणाली, 'ते मी वाचलंय. मिळालं काय?' मी चहाची गोष्ट सांगितली. तिने तीही लिहून घेतली, सुट्ट्या पैशांसकट. पुन्हा वाचून दाखवली आणि माझी सही घेतली. पोस्टकार्ड तिच्या फाइलमध्ये राहिलं.

बिस्किटं परतीच्या बसमध्ये वाटली. ड्रायव्हरने चार खाल्ली.

तुला काही सांगायचं असेल तर सांग. मला ऐकायचंय. देवाशपथ, अजूनही वाटतंय की तुझ्याकडे काहीतरी कारण असेल.

एफी


रेड डिअर
२७ मार्च

एफी,

आज ट्रस्टीच्या वकिलाची नोटीस आली. एकतीस हजार भरा, नाहीतर कोर्टात या. शाब्बास! सख्ख्या भावाचं नाव सरकारी कागदावर घातलंस. माझं खासगी पत्र परक्या बाईच्या हातात दिलंस. बाबा असते तर त्यांनी तोंडात मारली असती तुझ्या.

तुला काय माहीत इथे काय चाललं होतं? ट्रक गेला, काम गेलं, डार्लीन गेली. बहिणीकडे राहायला नाही, कायमची गेली. मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर. फोग्टचा माणूस फोनवर म्हणाला, उद्या पैसे देतो. तुझ्या जागी कुणी असतं तर म्हणालं असतं, घे बाबा, तुला पोरंबाळं आहेत. तुला ना नवरा, ना मूल. एवढ्या घराचं तू करणार काय होतीस? मी तुला मेपर्यंत मुदत मागून घेतली, तेही तुला दिसत नाही. सांगणार होतो, तुझी ती मुलाखत उरकली की. आधीच तू पानासारखी थरथरत होतीस.

वर ते नर्सिंगचं पत्र! मी सांगितलं होतं का चुलीत घाल म्हणून? चाळीस वर्षं ते कर्ज माझ्या डोक्यावर होतं, आणि मला माहीतही नव्हतं. तुझ्यासारख्या माणसांचं असंच असतं. फुकट देतात आणि मग वसूल करतात.

तू बोलली नसतीस तर काहीही झालं नसतं. तूच दगा दिलास. यापुढे मला भाऊ म्हणू नकोस.

लॉकलन


बीटनबाईंच्या माडीवर, रॉस कोव्ह
२८ मे

लॉकलन,

दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मी ते पाठ करत होते. त्यातलं एक वाक्य खरं आहे. नर्सिंगचं पत्र जाळायला तू सांगितलं नव्हतंस. ते माझं मी जाळलं, आणि सव्वीस फेब्रुवारीला तुला सांगितलं ते तुला बांधून घ्यायलाच सांगितलं. तेवढी माझी चूक. बाकी पत्र तुझं तुला लखलाभ.

काल घर सोडलं. दिवाळखोराला काय ठेवता येतं, याची यादी असते. कपडे, पलंग, भांडी, कामाची अवजारं. माझी मासे कापायची सुरी त्यांनी अवजारांत धरली. आईचं घड्याळ यादीत बसत नव्हतं. ट्रस्टी, म्हातारे दुसे, त्यांनी ते हातात घेतलं, कानाला लावलं आणि म्हणाले, 'बंद आहे, किंमत शून्य.' घड्याळ ठणठणीत चालू होतं, लॉकलन. परकी माणसंही खोटं बोलतात माझ्यासाठी. फक्त ती पोस्टकार्ड पाठवून माझ्याकडून खोटी शपथ वदवून घेत नाहीत.

फोग्ट साहेब आले होते. उंच, लाजरा माणूस. मला दारात बघून टोपी काढली, आणि त्याला जेवढं येत होतं तेवढ्या इंग्रजीत विचारलं, 'भाडेकरू म्हातारी कुठे आहे?' मी म्हटलं, 'मीच ती.' तो इतका ओशाळला की त्याने खुंट्या स्वतः उपटल्या. त्याला मी विहिरीची मोटर कशी चालू करायची ते दाखवलं. लाथ घालावी लागते, हे तू विकताना सांगितलं नसशील.

सॅडी अजून उपदेश करते. आता मी उलट बोलत नाही. खोलीच्या खिडकीतून आपलं घर दिसतं, म्हणून मी पलंग भिंतीकडे तोंड करून लावलाय.

आता शेवटचं. मागच्या आठवड्यात दुसेंनी माझ्या मालमत्तेचा तक्ता पुन्हा भरून घेतला. त्यात एक रकाना असतो: 'इतरांकडून तुमचं येणं'. ते म्हणाले, 'काही नाही असंच लिहू ना?' मी म्हटलं, 'आहे. लॉकलन मॅकॅस्किल, रेड डिअर. एक डॉलर.' ते हसले. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले. चष्मा पुसला आणि लिहिलं. एकतीस हजारांचं तुझं आणि कोर्टाचं काय ते होईल. त्यातली दमडी मला मिळायची नाही, सगळं बँकेचं. पण हा डॉलर वेगळा. त्याची वेगळी नोटीस तुला येईल, सरकारी शिक्क्याची. तिच्या टपालालाच डॉलरच्या वर खर्च आहे, असं दुसे म्हणाले. मी म्हटलं, पाठवा.

मी त्यांना हेही विचारलं, की कागदावर दोन गोष्टी लिहिल्या होत्या, डॉलर आणि माया. दुसरीचं काय? त्यांनी पानं चाळल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाले, 'मिस मॅकॅस्किल, मायेची वसुली करता येत नाही. तसा कायदा नाही.'

म्हणून मी डॉलर लावून धरलाय.

युफेमिया मॅकॅस्किल